एवढ्यात नवा येतो म्हणे!

"एवढ्यात नवा येतो!" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला शोधून काढून त्याच्या गळ्यात एक जुना काचेचा मॉनिटर अडकवावा अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मिक्सरचं भांडं गळतंय? एवढ्यात नवा येतो. छत्रीची काडी मोडली? एवढ्यात नवी येते. लॅपटॉप चालू व्हायला पाच मिनिटं लागतात? अहो, केवढा जुना तो, एवढ्यात नवा येतो!

म्हणणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक आपल्यातलीच असतात (काही जण हे वाचतही असतील, नमस्कार भाऊजी!). पण "एवढ्यात" म्हणजे नेमकं केवढ्यात, हे त्यांच्यापैकी एकानेही मला आजवर कागदावर मांडून दाखवलेलं नाही. लॅपटॉपच्या बाबतीत तर हे साफ खोटं आहे. जुन्या लॅपटॉपची डिस्क बदलायला जे पैसे लागतात त्यात नवा लॅपटॉप सोडाच, नव्या लॅपटॉपची बरी बॅग आणि एक माऊस एवढंच येतं. २०२५ च्या अखेरीपासून एआयवाल्यांच्या डेटासेंटरांनी जगभरची मेमरी ओढून न्यायला सुरुवात केली आणि रॅमपासून एसएसडीपर्यंत सगळ्याचे भाव चढले. पण नव्या लॅपटॉपातही तीच रॅम आणि तीच एसएसडी असते, त्यामुळे तोही काही स्वस्त झाला नाही.

तर मुद्दा असा, की "जुना" हा शब्दच आपण चुकीच्या जागी चिकटवतो. लॅपटॉप म्हणजे एक वस्तू नव्हे. ती पाच-सहा वस्तूंची एकत्र कुटुंबपद्धती आहे आणि त्यातला एकच सदस्य म्हातारा झालेला असतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा बरा प्रोसेसर आजही पत्र लिहायला, हिशोब मांडायला, बँकेचं पान उघडायला, नातवाशी व्हिडिओवर बोलायला पुरतो. पुरत नाही ती हार्ड डिस्क.

का पुरत नाही, ते सांगते. नेहमीच्या लॅपटॉपातली डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी ते डोकं योग्य रांगेवर सरकायला आणखी दहा-बारा. म्हणजे विखुरलेल्या छोट्या छोट्या फाइली मागितल्या तर ही बिचारी सेकंदाला साठ-सत्तर आणून देऊ शकते. आणि विंडोज सुरू होताना, किंवा अँटिव्हायरस जागा झाल्यावर, अशा फाइली हजारांनी मागितल्या जातात. वाण्याच्या दुकानात प्रत्येक जिन्नसासाठी पोऱ्याने शिडी लावून माळ्यावर चढावं आणि गिऱ्हाइकाच्या यादीत तीन हजार जिन्नस असावेत, तसं आहे हे. एसएसडीत शिडीच नाही. तिथे एक फाइल शोधायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा लागतो, कधी त्याहूनही कमी. दुकान तेच, मालक तोच, फक्त शिडी गेली. आणि आपण काय करतो, तर शिडी जुनी झाली म्हणून दुकान पाडायला निघतो!

आता हा राग मला आत्ताच का आला, ते सांगायला हवं.

माझी आत्या. वय वर्षं एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका. तिच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची दाखल-नोंदवही ती आणि तिच्या दोन मैत्रिणी २००६ पासून संगणकावर उतरवून घेताहेत. साडेअकरा हजारांच्या आसपास पुस्तकं. मूळ वहीची पानं हातात धरली की कडा गळून पडतात, काही पानांवर वाळवीने स्वतःच संपादन केलेलं आहे. म्हणजे आता खरी नोंदवही ती संगणकातलीच. आणि ती टाइप केली आहे श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, कारण २००६ साली गावोगावच्या छपाईवाल्यांकडे आणि कार्यालयांत तेच चालायचं. युनिकोडचं नावही तेव्हा त्यांच्या कानावर नव्हतं.

ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. असल्या फायली नव्या यंत्रावर उघडल्या की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरं, चिन्हं आणि टोप्या घातलेले स्वर यांचा काला दिसतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व इकार यांच्यात ती हमखास अडखळतात, आणि लेखकांच्या नावांत एक वेलांटी इकडची तिकडे झाली की नोंद हरवलीच म्हणायची. म्हणून रूपांतर व्हायला हवं ते सावकाश, एकेक पान मूळ यंत्रावर शेजारी उघडून पडताळत. त्यासाठी मूळ यंत्र जिवंत हवं. "नवा घ्या" म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं आणि विचारायची तसदी तो घेत नाही.

आत्याचा लॅपटॉप म्हणजे थिंकपॅड टी४२०. २०११ चं मॉडेल, तिच्या मुलाच्या कार्यालयातून काढून टाकलेला, आठ जीबी रॅम घातलेला, काळा आणि मजबूत. तो अडखळायला लागला, मधूनच निळा पडदा दाखवायला लागला. आत्या तो गावातल्या एका दुकानात घेऊन गेली (नाव घेत नाही, आणि नावात काय आहे, असली दुकानं गल्लोगल्ली आहेत). तिथे तिला तीन वाक्यं ऐकवण्यात आली. एक, हार्ड डिस्क गेली. दोन, या मॉडेलची डिस्क आता येत नाही. तीन, एसएसडी जुन्या बोर्डाला चालत नाही. आणि मग चौथं वाक्य, ते तुम्हाला ठाऊकच आहे. वर, "फॉरमॅट मारून बघू का, कदाचित चालेल थोडे दिवस" अशी उदार सूचना. आत्या शिक्षिका आहे म्हणून वाचलो. ती म्हणाली, "आधी भाचीला विचारते," आणि यंत्र पिशवीत घालून माझ्याकडे पाठवून दिलं.

तिन्ही वाक्यं खोटी होती. एकेक घेऊ.

डिस्क गेली नव्हती, जात होती. या दोन्हींत आयसीयू आणि स्मशान एवढा फरक आहे! डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट साधन ती दाखवतं. त्यात किती सेक्टर बदलून दिले आणि किती "प्रलंबित" आहेत, म्हणजे वाचताना दगा देताहेत, हे दोन आकडे बघायचे. दुसरा आकडा शून्याच्या वर चढायला लागला की डिस्कची घरघर लागली असं समजावं. अशा वेळी तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग करायचे नसतात. फॉरमॅट नाही, विंडोजची डिस्क-तपासणी नाही, काही नाही. प्रत्येक ताणाबरोबर ती आणखी मरते. आधी तिची जशीच्या तशी प्रत काढायची, मग काय तो विचार. त्यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलून घेतं, अवघड जागा वहीत टिपून ठेवतं आणि मग शेवटी तिकडे परत परत जातं. हे काम रात्रभर चाललं. सकाळी २४ सेक्टर सोडून सगळं आलं होतं. एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे एकूण गेलं १२ केबी. नोंदवहीतलं एक अक्षर त्यात नव्हतं.

आणि ज्या माणसाने "फॉरमॅट मारून बघू का" विचारलं, त्याने हे वीस वर्षांचं काम पाच मिनिटांत पुसलं असतं. दुकानात बोर्ड आहे, टेबल आहे, गिऱ्हाइकांची रांग आहे. फक्त "आत काय आहे?" हा प्रश्न नाही. मला राग येतो तो याचा. ज्ञान नसणं हा गुन्हा नाही हो, पण न विचारता पुसायला निघणं हा आहे.

दुसरं वाक्य, "या मॉडेलची डिस्क येत नाही." मुळात "या मॉडेलची डिस्क" अशी वस्तूच नसते! लॅपटॉपची डिस्क ही बल्बसारखी ठरलेल्या मापाची असते. अडीच इंची, साटा जोडणीची. २००५-०६ च्या आधीच्या लॅपटॉपांत आयडीई नावाची, ४४ पिनांची जुनी जोडणी असायची. त्या डिस्का आता खरंच मिळत नाहीत आणि तिथे मी वाद घालणार नाही. पण त्यानंतरचा जवळजवळ प्रत्येक साधा लॅपटॉप साटावर आला.

तिसरं, "एसएसडी जुन्या बोर्डाला चालत नाही." साटाच्या तीन पिढ्या झाल्या, दीड, तीन आणि सहा गिगाबिटच्या, आणि त्या एकमेकींशी जुळवून घेतात. नवी डिस्क जुन्या बोर्डावर गेली की ती आपला वेग उतरवून बोलते, सून सासरी बोलते तसं (पूर्वी बोलायची तसं, आमच्या घरी उलटं आहे :) ). अगदी पहिल्या पिढीच्या काही चिपसेटांत हे बोलणं फिसकटतं, पण २००८ नंतरच्या यंत्रात तशी भीती सहसा बाळगायला नको. टी४२० ची मुख्य जागा तर सहा गिगाबिटचीच आहे. म्हणजे आज बाजारात मिळणारी साटा एसएसडी तिथे तिच्या पूर्ण वेगाने चालते.

दुकानदाराला एवढं झोडपल्यावर दुसऱ्या बाजूलाही वळायला हवं. कारण दुसरी एक जमात आहे, ती "एसएसडी टाक, रॉकेट होतं" म्हणणाऱ्यांची. हे लोक उत्साही असतात, चांगल्या मनाचे असतात आणि बहुतेक वेळा चुकीची वस्तू घ्यायला लावतात. आमच्या भाऊजींचंच बघा. "वहिनी, ऑनलाइन मागवून टाका की, लिहिलंय ना सर्व लॅपटॉपला चालते म्हणून!" भाऊजी, तुमच्याविषयी पूर्ण आदर राखून सांगते, "सर्व लॅपटॉपला चालते" असं लिहिलेली वस्तू मी तरी घेणार नाही. "सर्वांना बसेल" असं लिहिलेला ब्लाउज कुणालाच नीट बसत नाही.

आधी जाडी. लांबी-रुंदी सारखी असली तरी अडीच इंची डिस्का साडेनऊ आणि सात मिलिमीटर अशा दोन जाड्यांत येतात, आणि त्याहून जाडही असतात. टी४२० मध्ये साडेनऊ बसते, पण त्याचाच धाकटा भाऊ एक्स२२० फक्त सात मिलिमीटरची घेतो. तिथे जुन्या यंत्रातली चांगली चालणारी साडेनऊची डिस्क घालायला गेलात तर झाकण लागणार नाही. एसएसडी बहुतेक सातच्याच असतात, त्यामुळे त्या दोन्हीकडे जातात. फक्त साडेनऊच्या जागेत त्या खुळखुळू नयेत म्हणून अडीच मिलिमीटरची प्लॅस्टिकची चौकट लावायची. ती डब्यात आली नाही तर जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्याही चालतात, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आणि अडीच इंचीत दोन टीबीच्या वरच्या हार्ड डिस्का दिसल्या की हुरळून जाऊ नये. त्या १५ मिलिमीटर जाड असतात, लॅपटॉपसाठी नसतातच. "मग बाहेरून लावायची पोर्टेबल डिस्क फोडून आतली काढू" हाही एक लाडका जुगाड आहे. कित्येक पोर्टेबल डिस्कांत यूएसबीची जोडणी थेट डिस्कच्या बोर्डावरच डाखलेली असते, आत साटा नसतोच. फोडल्यावर कळतं. वॉरंटी गेली ती गेलीच.

पण खरा गोंधळ आहे तो पट्टीवाल्या एसएसडींचा, आणि त्याचा दोष मी गिऱ्हाइकाला किंवा दुकानदाराला देणार नाही. तो दोष नावं ठेवणाऱ्या समित्यांचा आणि ती नावं बेफिकिरीने वापरणाऱ्या कंपन्यांचा आहे. आधी एमसाटा आली. दिसायला हुबेहूब वायफायच्या किंवा सिमकार्डाच्या मिनी-कार्डासारखी, खाचही तीच, आत बोलली जाणारी भाषा मात्र वेगळी. त्यामुळे जुन्या लॅपटॉपात तशी मोकळी खाच दिसली म्हणून तिथे एमसाटा चालेलच असं नाही. खाचेपर्यंत साटाच्या तारा नेलेल्या आहेत का, हे बोर्ड बनवणाऱ्यालाच माहीत. टी४२० आणि एक्स२२० मध्ये त्या नेलेल्या आहेत, मोबाइल-इंटरनेटच्या कार्डाच्या खाचेत, पण तीन गिगाबिटच्या वेगाने.

मग आली एम डॉट टू. इथे तर कहरच झाला. बावीस मिलिमीटर रुंद पट्टी, लांबी वेगवेगळी. २२८० म्हणजे ८० मिलिमीटर लांब, २२४२ म्हणजे ४२. इथपर्यंत ठीक, पट्टी मोजून कळतं. पण याच आकाराच्या, याच खाचेत जाणाऱ्या पट्ट्या दोन वेगळ्या भाषा बोलतात. एक साटा, दुसरी एनव्हीएमई. २०१४ ते २०१७ च्या सुमाराच्या बऱ्याच लॅपटॉपांत एम डॉट टूची खाच फक्त साटा समजते. तिथे एनव्हीएमई घातली तर ती आत जाते, स्क्रू लागतो, आणि यंत्र म्हणतं, डिस्क नाही. उलटही होतं, फक्त एनव्हीएमई समजणाऱ्या खाचेत साटाची पट्टी मुकी बसते. पट्टीच्या टोकाला एक चीर की दोन यावरून ओळखा असं सांगतात, पण दोन चिरांच्या एनव्हीएमई पट्ट्याही निघालेल्या आहेत, त्यामुळे तेही पक्कं नाही. म्हणजे थांबा एकच, पण इथे एसटी थांबते की शहर बस हे पाटीवर लिहिलेलं नाही, आणि चढल्यावर कंडक्टर म्हणतो खाली उतरा.

आणि विक्रीच्या पानावर काय लिहिलेलं असतं? "एम डॉट टू एसएसडी, अतिवेगवान." संपलं. निम्मी माहिती लपवून विकणं याला आपण दुधात पाणी घालणं म्हणतो, इथे त्याला आकर्षक मांडणी म्हणतात.

यावर उपाय एकच आणि तो फुकट आहे. लॅपटॉपच्या पोटावर जो लेबलावरचा मॉडेल क्रमांक असतो, त्याची दुरुस्ती-पुस्तिका शोधायची. जाहिरातीचं पत्रक नव्हे, सर्व्हिस मॅन्युअल. लेनोवो आणि डेल ही पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवतात आणि त्याबद्दल त्यांना मनापासून नमस्कार. त्यात कोणता स्क्रू आधी काढायचा इथपासून कोणत्या खाचेत काय चालतं इथपर्यंत चित्रांसकट दिलेलं असतं. दोनशे-दीडशे पानांचं इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो मान्य, पण आपल्याला त्यातली चारच पानं हवी असतात.

आकारमानाचंही सांगून टाकते. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवायची तर नवी निदान तेवढीच मोठी हवी. आत्याची जुनी ३२० जीबीची. बाजारात एसएसडी २४०, २५६, ४८०, ५०० अशा मिळतात. तिच्या डिस्कवर जेमतेम ९० जीबी भरलेलं होतं, म्हणून दुकानदाराने २४० गळ्यात मारली असती. पण मरणाऱ्या डिस्कवर विभाग आखडायचे म्हणजे पुन्हा तिच्याकडून काम करून घ्यायचं. म्हणून ५०० ची घेतली. याच कारणाने, ज्यांची जुनी ५०० ची आहे त्यांनी "४८० म्हणजे जवळजवळ तेवढीच" असं म्हणू नये. प्रत काढताना "जवळजवळ" चालत नाही, वीस जीबी कमी म्हणजे कमी.

वेगाचे आकडे मात्र मी बघत नाही, आणि तुम्हीही बघू नका. सहा गिगाबिटच्या जागेवर साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, तीन गिगाबिटवर २७० च्या आसपास. भाचे मंडळी यावर रात्ररात्र भांडतात. शिडी गेली हे महत्त्वाचं, पोऱ्या पळत येतो की झपझप चालत येतो हे आत्याला कळणारही नाही. त्याऐवजी बनावट माल ओळखायला शिका. अतिशय स्वस्तात दोन टीबी, चार टीबी देणाऱ्या अनोळखी नावांच्या एसएसडी फोडल्या तर आत एखादं छोटं मेमरी कार्ड निघतं आणि खोटा आकडा सांगायला शिकवलेली चिप. भरत गेलात की जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. डिस्क घेतल्या घेतल्या एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ने ती पूर्ण भरून तपासावी, मगच तीवर काही ठेवावं. लॅमिंग्टन रोड असो, तपकीर गल्ली असो की ऑनलाइन, हा नियम सगळीकडे एकच.

"पण मग स्वस्त म्हणून एक टीबीची साधी हार्ड डिस्कच घेतली तर?" मला अगदी हाच प्रश्न मावसभावाने विचारला. घेऊ नकोस रे. आजच्या सात मिलिमीटरच्या एक टीबी डिस्कांत बऱ्याच जणी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या रांगांच्या असतात, त्याला एसएमआर म्हणतात. एका रांगेत लिहायचं तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात, त्यामुळे त्या लिहिताना जुन्या डिस्कहून हळू पडू शकतात. डब्यावर हे ठळक लिहिलेलं नसतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्का अशाच निघाल्या आणि न सांगता विकल्या म्हणून मोठा गदारोळ झाला होता. फोटो साठवायला, बॅकअपला, बाहेरून लावायला ठीक. विंडोज चालवायला नाही.

आता दुसऱ्या डिस्कचा विषय. लॅपटॉपात सीडी-डीव्हीडीची खाच असेल तर ती काढून त्या जागी कॅडी लावून दुसरी डिस्क घालता येते. यातही जाडीचं भूत आहेच, कॅडी १२.७ आणि ९.५ अशा दोन जाड्यांत मिळते. टी४२० ला १२.७ लागते. आणि सर्वसाधारण चूक अशी, की नवी एसएसडी कॅडीत आणि जुनी डिस्क मुख्य जागी. उलटं करा! टी४२० मध्ये कॅडीची जागा तीन गिगाबिटची आहे, शिवाय डिस्कला गादीसारखे रबर आणि आधार असतात ते मुख्य जागेलाच.

आत्याच्या यंत्रात मी दुसरी डिस्क घातली, पण साठवण वाढवायला नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. आणि विंडोज ११ या यंत्राला नको म्हणतं, कारण त्याला टीपीएम २.० आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, हा बिचारा दुसऱ्या पिढीचा. म्हणजे धडधाकट यंत्रं एका तारखेला "जुनी" झाली, कुणाचाही स्क्रू ढिला न होता. (निषेध!) मग असं केलं. मुख्य जागेतल्या ५०० च्या एसएसडीवर आत्याचं विंडोज ७ जसंच्या तसं, श्रीलिपीसकट, आणि त्याचं इंटरनेट कायमचं बंद. कीबोर्डखालच्या खाचेत एक छोटी एमसाटा, तिच्यावर लिनक्स मिंट. बँक, मेल, नातवंडं हे सगळं मिंटवर. नोंदवही विंडोजवर. चालू करताना विचारतं कुठे जायचं. आत्याने पहिल्या दिवशी विचारलं, "म्हणजे माहेर आणि सासर एकाच पेटीत?" म्हटलं, "हो, आणि दोन्हीकडच्या चाव्या तुझ्याकडे."

खर्च किती झाला? भाऊजींनी सुचवलेल्या नव्या लॅपटॉपच्या सातव्या हिश्शाहून कमी. आणि त्या नव्या लॅपटॉपात नोंदवही उघडली नसती.

आता कुणी म्हणेल, ही बाई जुन्या वस्तूंना कवटाळून बसणारी. नाही हो. ज्या स्वस्त लॅपटॉपांत ३२ जीबीची ईएमएमसी बोर्डवरच डाखलेली आणि रॅम दोन जीबी असते, त्यांना मीच हात जोडते. ते विकत घेतले त्या दिवशीच जुने होते. मुद्दा इथेच येतो. डिस्क बदलता येईल की नाही हे आपण डिस्क घेताना ठरवत नाही, ते पाच-दहा वर्षांपूर्वी लॅपटॉप घेताना ठरलेलं असतं, आणि दुकानात तेव्हा कुणी सांगत नाही. ॲपलने २०१६ च्या टच बारवाल्या मॅकबुक प्रोपासून साठवण बोर्डवर डाखली. बोर्ड गेला की फोटोही गेले. पातळ हवं म्हणून, असं सांगतात. फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने २०२१ मध्ये प्रत्येक भाग बदलता येणारा लॅपटॉप काढला, तोही चांगला सडपातळ आहे. तेव्हा पातळपणाचं कारण माझ्यापुढे सांगू नये.

आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ काढलं, ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. चांगलंच आहे. पण त्या नियमांचा भर कचरा झाल्यावर त्याचं काय करायचं यावर आहे. मला हवी आहे ती एक साधी ओळ, डब्यावर, किंमत छापतात त्याच आकाराच्या अक्षरांत. डिस्क बदलता येते की नाही. येत असेल तर कोणती, किती जाड, कुठल्या भाषेची. डाळीच्या पाकिटावर वजन छापायला लावता, तर एवढं छापायला काय हरकत आहे?

असो. नातेवाईक मंडळींसाठी एक सूचना. "कुठली डिस्क घेऊ गं?" असा एका ओळीचा निरोप यापुढे मला पाठवू नये. लॅपटॉप उलटा करून पोटावरच्या लेबलाचा फोटो, जुनी डिस्क बाहेर निघत असेल तर तिच्यावरच्या लेबलाचा आणि कडेने जाडी दिसेल असा एक फोटो, आणि आत काय काय आहे जे दुसरीकडे कुठेही नाही, याची चार ओळींची यादी. ती यादी आधी. आणि मावसभाऊ, काढलेले स्क्रू वाटीत ठेव रे, चटईवर नको. मागच्या वेळचा एक अजून सापडलेला नाही.